मी काढलेल्या तीन ओळी

त्या प्रोग्रामला मालक नव्हता. कुठल्याशा कॉलेजातल्या मुलांनी तो लिहिला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा, असा रिवाज होता. प्रिंटर यादी छापत असताना कॉम्प्युटर अडकून राहू नये, आपल्याला पुढची नावं टाइप करता यावीत, एवढंच त्याचं काम. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पांढुर्ण्यात नव्याने निघालेल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी एकटीच मुलगी होते, आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून तो प्रोग्राम माझ्याकडे आला होता.

प्रिंटरमधला कागद संपला की प्रोग्राम थांबायचा आणि कुणी कळ दाबेपर्यंत मोठ्याने वाजत राहायचा. सगळे माना वळवून माझ्याकडे बघायचे.

"मॅडम, तुमची कोंबडी ओरडून राहिली," प्यूनकाका म्हणायचे. "पाहा बरं, अंडं दिलं का?"

सगळे हसायचे. माझे कान तापायचे. एका दुपारी इतर किरकोळ दुरुस्त्या करताना मी वाजण्याची ओळ काढून टाकली. मग तो गुपचूप थांबला तर कळणार कसं, म्हणून थांबण्याच्या दोन ओळीही काढल्या. दोन पानं छापून पाहिली, नीट आली. प्रोग्रामच्या सुरुवातीला बदल करणाऱ्याने आपलं नाव आणि बदल लिहायचा असे. मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

त्याच आठवड्यात सौसरच्या एका कचेरीतले बाबू फ्लॉपी घेऊन आले. मी त्यांना नवी प्रत दिली. "अंगणवाडीच्या मुलाखतीची यादी आता याच्यावरच काढतो," ते खुशीत म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी, शनिवारी सकाळी, माझ्या एका यादीत अकरानंतर एकदम चौदा आकडा आला. मध्येच कागद संपला होता. नवा लावेपर्यंत कॉम्प्युटर न थांबता नावं पाठवत राहिला होता, आणि ती कुठेच छापली गेली नव्हती. आमचा कागद लांबलचक, जोडलेला, क्वचित संपायचा. सौसरला सुटी पानं लावून छापत. म्हणजे प्रत्येक पानाशेवटी नावं गळणार. आणि यादीत नाव नसलेल्या बाईला मुलाखतीला आत घेणार नव्हते.

फोन लागला नाही. मी कुणाला न सांगता सौसरची बस धरली. जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या लोकांनी ती भरली होती, पायांत नारळांच्या पिशव्या. सर्वात जास्त भीती मला माझ्याच एका विचाराची वाटली: प्रोग्राममध्ये माझं नाव नाही, मी परत फिरले तरी कुणाला कळणार नाही.

सौसरच्या फळ्यावरच्या यादीत सतरानंतर वीस होता. दाराशी रामाकोना गावची एक बाई अर्जाची पावती दाखवत होती.

"यादीत नाही तर नाही, बाई," चपराशी म्हणाला. "मशीनची यादी आहे. मशीन काय खोटं बोलते?"

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"मशीन नाही. चूक माझी आहे. नावं गळली आहेत, अर्जांची फाइल काढा."

बाबूंनी फाइल काढली. दोन नावं सुटली होती, त्यातलं एक दाराशी उभ्या बाईचं. दुसरीच्या घरी सायकलवर माणूस धाडला. रामाकोन्याची बाई माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे तुमच्यापायी?"

"हो."

तिने पदर नीट केला आणि ती आत गेली.

मी भिंतीला टेकले. तेवढ्यात बाबू जरा दबकतच म्हणाले, "मॅडम, ती फ्लॉपी मी छिंदवाड्याला पण दिली ना."

छिंदवाड्याचा ट्रंक कॉल पाऊण तासाने लागला. "जोरानं बोला, ऐकू नाही येऊन राहिलं!" पलीकडून एक माणूस ओरडला. अख्ख्या कचेरीसमोर मी ओरडून सांगितलं की मी काय काढलं होतं, आणि ही प्रत वापरू नका. मग विचारलं, तुम्ही ती आणखी कुणाला दिली का?

तो आठवून आठवून गावं सांगू लागला. मी बसच्या तिकिटामागे लिहून घेत होते. चौथ्या गावाला तो थांबला.

"बाकीचे आता नाही आठवत, मॅडम," तो म्हणाला. "लई लोक घेऊन गेले."