हिर्डोशीच्या रस्त्यावरचं समर स्कूल

आम्ही पीएचडीवाले भेटलो की कुणीही कुणाचा थिसिस काढत नाही. थिसिस एकदा बांधून झाला की संपतो, किस्से मात्र दर भेटीला वाढत जातात. त्यातून 'कॉम्प्युटर व्हिजन'च्या समर स्कूलचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. कारण भोरची मी!

कॅमेऱ्यातल्या चित्रात काय आहे, किती लांब आहे, हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं, एवढाच आमचा विषय. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्यासाठी आमच्या गाइड सरांनी जागा निवडली ती भोरच्या पुढं, हिर्डोशीच्या रस्त्यावरचं एक निवासी केंद्र. "शांतता आहे, हवा छान आहे," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तांबोळी, तू भोरचीच ना?"

संपलं! त्या एका वाक्यानं मी विद्यार्थिनीची मॅनेजर झाले. पाणी आलं नाही, तांबोळी! एसटी चुकली, तांबोळी! बाथरूममध्ये विंचू निघाला, तांबोळी! जणू मीच पाळला होता.

* * *

पहिलं लेक्चर दक्षिणेतल्या एका मोठ्या प्राध्यापकांचं. उजेड बदलला की कॉम्प्युटर कसा फसतो, हे ते रंगून सांगत होते. मग फळ्यावर लांबलचक समीकरण लिहिलं आणि म्हणाले, "टुडे, लेट अस अझ्यूम द लाइट इज कॉन्स्टंट."

आणि लाइट गेली!

लोडशेडिंग. पंखे बंद, प्रोजेक्टर बंद, यूपीएसची पी-पी सुरू. सगळ्या माना माझ्याकडे! मी बाहेर जाऊन वायरमनला फोन लावला.

"दादा, लाइट कधी येईल? इथं मोठे प्रोफेसर खोळंबलेत."

"किती मोठं?"

"लई मोठे!"

"मग त्यास्नीच इचारा की, कदी येती!"

* * *

सरांचा आग्रह, गेटवर मराठी बॅनर पाहिजेच. पेंटरनं झोकात रंगवून दिला, 'संगणक दृष्टी उन्हाळी शिबिर'.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात म्हाताऱ्या माणसांची ही गर्दी! आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बातमी पोचली होती, कॉम्प्युटरवर फुकट डोळे तपासतात. सरांनी खिडकीतून डोकावून फक्त एवढंच म्हटलं, "तांबोळी!"

मी एकेकाला समजावत सुटले. एक आजी उन्हातून चालत आल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून मी म्हटलं, "आजी, हे आपल्या डोळ्यांचं नाही. इथं कॉम्प्युटरला बघायला शिकवतात."

आजींनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! त्याला बी दिसंना व्हय?"

शेवटी मी माझ्या अब्बांना त्यांचा टेम्पो घेऊन बोलावलं आणि सगळ्यांना भोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचवलं. परत आले, तर हजेरीपटावर माझी गैरहजेरी!

* * *

कॅमेरा जुळवायला काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा, बुद्धिबळाच्या पटासारखा मोठा तक्ता लागतो. आम्ही तो पुण्याहून लॅमिनेट करून आणलेला. ऐन प्रॅक्टिकलच्या वेळी तक्ता गायब! सगळं केंद्र पालथं घातलं. सापडला गच्चीवर, ओल्या कुरडयांच्या खाली.

स्वयंपाक बघणाऱ्या कांबळे मावशींना मी म्हटलं, "मावशी, अहो, ते आमचं सायन्स आहे!"

"आसंल की. पर चिकटत न्हाई बघ, लई ग्वाड हाय. कुरडया वाळू दे, तुमचं काय, सांच्याला बी हुईल."

* * *

एका दुपारी दोन कॅमेरे ट्रायपॉडवर चढवून आम्ही खाचराच्या बांधावर उभे राहिलो. बघता बघता माणसं जमली. पुढं एक वयस्कर दादा, ज्यांची निम्मी जमीन धरणात गेलेली.

"कसली मोजणी हाय?"

"मोजणी नाही दादा, अभ्यास आहे."

"मागल्या टायमाला बी अभ्यासच म्हनले हुते."

मी काही बोलणार, इतक्यात आमच्यातला जयदीप उत्साहानं पुढं झाला. त्याला कुणी सांगितलं होतं! म्हणाला, "काका, सोपं आहे. हे दोन फोटो एकत्र केले की तुमचा बांध इथून किती लांब आहे, ते बरोब्बर कळतं."

"मंजी मोजणीच की!"

दादांनी दोन्ही ट्रायपॉड स्वतः उचलून रस्त्यावर आणून ठेवले. अगदी जपून! मला त्यांचा राग येईना. जयदीपशी मात्र मी जेवणापर्यंत बोलले नाही.

* * *

शेवटच्या दिवशी माझा डेमो. माणूस कॅमेऱ्यासमोर आला की स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन यायला हवा. डेमो नीट झाला तरच थिसिस सबमिट करू देईन, असं सरांनी बजावलेलं. थिसिस पुढं रीतसर झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मोठे प्राध्यापक आले, चौकोन! कांबळे मावशी पदर सावरत आल्या, चौकोन! भिंतीवरच्या घड्याळाभोवतीही एक चौकोन आला, तेवढा मी मध्ये उभी राहून झाकला.

मग सर उठले. चौकोन नाही. सर पुढं सरकले. नाही. चष्मा काढला. नाही!

"तांबोळी, मी माणूस नाही का?"

मी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. नाही! एवढ्या वर्षांचं काम, आणि ते नेमकं सरांनाच ओळखेना!

दारात अब्बा उभे होते. कॉम्प्युटर पुण्याला न्यायला टेम्पो घेऊन आलेले आणि ताटकळून वैतागलेले. तिथूनच म्हणाले, "सर, जरा हसा की! कवाधरनं कपाळाला आठ्या घालून हुबं हायसा. मला गाडी भरायचीय!"

हॉल हसून फुटला. आणि मान मागं टाकून सरही हसले! मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

चौकोन! टाळ्या!

सरांनी डोळे पुसले, चष्मा चढवला, चेहरा होता तसा केला. "तांबोळी, एकदा जमलं म्हणजे सायन्स होत नाही. पुन्हा दाखव."

आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहून सर हसायचा प्रयत्न करू लागले.