अंबाड्यापुरता खळगा

बू वार्सितींना माणसं चेहऱ्यावरून लवकर ओळखू येत नसत, डोक्यावरून येत. बाजारात समोरून कोणी हसलं की त्या क्षणभर गोंधळायच्या. तीच बाई पाठमोरी झाली की आठवायचं, हिचं डोकं मागून चपटं, उजवीकडे उंचवटा, डाव्या बाजूला बोटभर स्पंज जास्त घातला होता.

क्लातेन गावातल्या आमच्या गल्लीत, जिथे मोठ्या बाईला मानाने 'बू' आणि पुरुषाला 'पाक' म्हणतात, त्या पंचवीस वर्षं हेल्मेटं धूत होत्या आणि आतून नव्याने मढवून देत होत्या. घराच्या ओट्यावर लाकडी खुंट्या होत्या. त्यांच्यावर पालथी हेल्मेटं, समोर दोन टेबलफॅन. आतलं कापड उसवायचं, घामाने कुजलेला स्पंज फेकायचा, नवा कापून चिकटवायचा, वर जाळीचं कापड शिवायचं. शेवटी मोगऱ्याच्या वासाचा फवारा. गोंद आणि मोगरा यांचा मिळून जो वास होतो तो त्यांच्या स्वयंपाकालाही लागायचा, असं त्यांचे यजमान पाक गियोनो म्हणत.

हेल्मेटांशिवाय त्या छातीच्या ढालीही शिवत. म्हणजे रेक्झिनच्या दोन थरांत जाड फोम, गळ्यात अडकवायला पट्टा. मोटरसायकलवर बसताना जाकिटाच्या आत घालायची. आमच्याकडे माणूस आपटण्याला फारसं भीत नाही, वाऱ्याला भितो. पहाटेचा वारा एकदा छातीत शिरला की चार दिवस काम सुचत नाही, मग घरातल्या कोणीतरी पाठीला तेल लावून, वारा उतरावा म्हणून नाण्याने घासून लाल रेघा ओढायच्या. त्यामुळे ढाल शिवायला आलेला प्रत्येकजण सांगे, "बू, जाड करा." आणि तोच माणूस हेल्मेट पुढे करून म्हणे, "हे जरा पातळ करता येतंय का बघा, फार गरम होतं."

पाक गियोनोंचंही तेच. बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. आता अंगणात जुनी सत्तर सीसीची मोटरसायकल उलगडून बसत. कार्बुरेटर रॉकेलमध्ये बुडवायचा, साखळीला दात घासायच्या ब्रशने तेल लावायचं, मडगार्ड बदलायचं, पुन्हा जुनं लावायचं. एवढं करून फेरी कुठवर, तर तंबाखू आणायला कोपऱ्यापर्यंत. तेवढ्यासाठीही छातीला ढाल असायची आणि हेल्मेटचा पट्टा मोकळा लोंबायचा.

पण बू वार्सितींचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. बारा वर्षांपूर्वी कचेरीतली एक कारकून बाई मान धरून आली होती. हिजाबखाली तिचा अंबाडा होता, हेल्मेट त्या अंबाड्यावर बसायचं आणि पुढे डोळ्यांवर यायचं. रोज तासभर मान ताठ. बू वार्सितींनी कापड उसवलं, आतल्या थर्माकोलवर खडूने गोल काढला आणि दगडावर घासून धार काढलेल्या चमच्याने तेवढी जागा कोरून दिली. बाईने हेल्मेट घातलं. अंबाडा खळग्यात असा बसला, जसं अंडं खोबणीत. ती बाई रडायचीच बाकी होती.

मग बायका बोयोलालीहून आल्या, सोलोहून आल्या. पाक गियोनोंनी पाटी रंगवली: 'अंबाड्यापुरती जागा करून मिळेल.' त्यांच्याइतक्या सफाईने कोरणारं दुसरं कोणी नव्हतं. सगळ्यांत मोठा खळगा त्यांनी कोरला तो सुनेसाठी. मुलाचं लग्न झालं आणि तो तीन महिन्यांत बाताम बेटावर कारखान्यात परत गेला. सून वेनिंग इथेच राहिली. सोलोच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानात तिची नोकरी, जायला चाळीस मिनिटं, वाटेत ज्वालामुखीच्या उतारावरून वाळू आणणारे ट्रक. सासूने लग्नात तिला हिरवं हेल्मेट दिलं होतं. "एवढा अंबाडा मी जन्मात कोरला नव्हता," हे बू वार्सिती भाजीवालीला सांगत, गॅसवाल्याला सांगत. हा केसांचा अभिमान होता की चमच्याचा, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ऑगस्टात एका दुपारी शाळेतल्या बाई, बू हेस्ती, आल्या. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा डबा.

"वाचले बघा, बू," त्या बसता बसता म्हणाल्या. "रस्त्यावर वाळू सांडली होती. मागचं चाक गेलं, मी उताणी. डोक्याला नऊ टाके."

"अरे देवा. मग?"

"मग काय, तीन दिवस इस्पितळात. नशीब बघा, मागून येणारा ट्रक थांबला. नशीब, डोकंच फुटलं, हात शाबूत आहे. खडू तरी धरता येतो. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट होतं म्हणून. मी म्हटलं, ते साधं हेल्मेट नाही, आमच्या बू वार्सितींचं आहे." त्यांनी डबा पुढे केला. "घरी दुआ केली काल. पहिला डबा तुमचा."

डब्यात पिवळा भात होता, वर अंड्याच्या पट्ट्या, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, काकडी. देवाचे आभार मानताना करतात तो.

"हे तेवढं पुन्हा मढवून द्या. पहिल्यासारखंच, खळग्यासकट," बू हेस्ती म्हणाल्या. "आणि सून बरी आहे ना?"

"बरी आहे. कामावर गेलीय."

मग शाळेच्या गोष्टी निघाल्या. नव्या हेडमास्तरांचं नाव बू हेस्तींना आठवेना. दोनदा कपाळावर बोटं टेकवून बघितली, मग म्हणाल्या, "जाऊ दे, तो उंच माणूस." उठताना पुन्हा विचारलं, "आणि सून कशी आहे? बरी आहे ना?"

बू वार्सितींनी पुन्हा सांगितलं, बरी आहे.

त्या गेल्यावर बू वार्सितींनी हेल्मेट मांडीवर घेऊन कापड उसवलं. बाहेरच्या कवचाला मागून तडा गेला होता. तड्याच्या मागोमाग त्यांनी बोट आत नेलं. चारी बाजूंना थर्माकोल जाडजूड आणि जसाच्या तसा होता. तडा बरोबर खळग्यात उतरला होता. तिथे त्यांनीच थर्माकोलचा पापुद्रा ठेवला होता, आणि तो फुटून भुगा झाला होता. वरच्या जाळीच्या कापडाचा मात्र अपघातात एक टाकाही तुटला नव्हता.

भाताचा डबा त्यांनी तसाच बाजूला सारला. पाक गियोनोंनी आपलं ताट संपवून तोही संपवला. "मीठ बरोबर आहे," म्हणाले.

संध्याकाळी सहाला वेनिंग आली. हिरवं हेल्मेट तिने रोजच्या खुंटीला अडकवलं आणि आत गेली. बू वार्सिती त्या खुंटीकडे बघत बसल्या.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्याकडे सासू सुनेला सरळ काही सांगत नाही आणि सून सरळ काही ऐकवत नाही. 'मी दिलेली भेट वाईट आहे' असं म्हटलं असतं तर वेनिंगने लगेच 'नाही हो बू, छान आहे' म्हटलं असतं, आणि मोठ्यांचा मान राखायला दुसऱ्या दिवशी आवर्जून तेच घातलं असतं. म्हणून बू वार्सितींनी सकाळी आडून सुरुवात केली.

"आज बसने जातेस का? ऊन फार आहे."

"बसमध्ये जास्त उकडतं, बू."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दुकान जवळ मिळालं तर बघ की. रोज एवढं लांब."

त्या रात्री वेनिंगने नवऱ्याला फोनवर हळू आवाजात सांगितलं, की तुझ्या आईला माझं उशिरा घरी येणं खटकतंय. भिंत पातळ होती. बू वार्सितींनी ऐकलं आणि त्यांना आणखीच बोलता येईना. तिसऱ्या दिवशी वेनिंग मुद्दाम लवकर यावं म्हणून जोरात चालवत आली. ते तिने कौतुकाने सांगितलं.

रविवारी वेनिंग नाल्यावर चादरी धुवायला गेली तेव्हा बू वार्सितींनी हिरवं हेल्मेट खुंटीवरून काढलं. आधी नुसतं धुवायचं म्हणून घेतलं होतं. कापड उसवलं आणि खळग्यात हात घातला, तर आत काहीतरी होतं. दोन घडी केलेले हातरुमाल आणि एक मोजा. त्यांनी ते काढून ओट्यावर ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग कात्री घेतली आणि हनुवटीचा पट्टा कापून टाकला, म्हणजे उद्या हे घालताच येणार नाही.

वेनिंग ओल्या चादरींची बादली घेऊन आली.

"तुझ्या हेल्मेटचा पट्टा उंदरांनी खाल्ला," बू वार्सिती म्हणाल्या.

वेनिंगने पट्ट्याचं टोक बघितलं. सरळ, स्वच्छ कापलेलं. मग ओट्यावरचे रुमाल बघितले.

"उंदराकडे कात्री होती वाटतं," ती म्हणाली.

"आणि खळग्यात मोजा कोणी ठेवला? त्याच उंदराने?"

वेनिंगने बादली खाली ठेवली. पाक गियोनो अंगणात साखळीला तेल लावत होते. ती आतल्या खोलीत गेली, मागोमाग सासू गेली. वेनिंगने हिजाब काढला, आतली घट्ट टोपी काढली. केस कानापर्यंत होते.

"कधी?"

"रमजानच्या आधी. दुकानात पंखा नाही, बू. घामाने सगळं डोकं खाजायचं."

"सात महिने झाले. घरातसुद्धा टोपी घालून बसायचीस. मला वाटलं, सून धार्मिक झाली. मी सगळ्या गल्लीत कौतुक केलं."

"म्हणून तर सांगता येईना. आधी केसांचं कौतुक केलंत, मग टोपीचं."

"म्हणजे सात महिने तू रिकाम्या खळग्यात मोजे भरून ट्रकांमधून जात होतीस."

"मोजा एकच," वेनिंग म्हणाली. "नाहीतर हेल्मेट डुगडुगायचं."

बू वार्सिती पलंगावर बसल्या. मग त्यांनी बू हेस्तींचं हेल्मेट आणायला सांगितलं, दोन्ही मांडीवर शेजारी ठेवली आणि वेनिंगचं बोट धरून आधी तड्यावर, मग भुग्यावर, मग हिरव्या हेल्मेटातल्या खळग्यावर फिरवलं.

"इथे जे असायला हवं ते मी चमच्याने काढून टाकलंय. बारा वर्षं काढतेय. तुझ्या हेल्मेटातून सगळ्यांत जास्त काढलंय."

वेनिंगने विचारलं, "बू हेस्तींना सांगितलंत?"

"नाही."

"सांगणार?"

"आधी तुझं बघू दे."

दुपारी दोघी बाजारात गेल्या, पायी. वेनिंगला कोणतंही चाललं असतं, बू वार्सितींना चालत नव्हतं. त्यांनी सात हेल्मेटं उलटी करून आतला थर्माकोल अंगठ्याने दाबून बघितला. दुकानदार म्हणाला, "बू, तुम्हीच ते काढणार, मग एवढं बघताय कशाला?" त्यांनी सातवं बाजूला काढलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी सुनेच्या डोक्यावर हेल्मेट दोन्ही हातांनी दाबून बसवलं, हनुवटी धरली आणि इकडेतिकडे हलवलं.

"हलतंय?"

"नाही. गाल दुखतात."

"दुखू देत. महिन्यात सैल होईल. पट्टा लाव. असा नाही, टक् वाजला पाहिजे."

घरी आल्यावर त्यांनी पाक गियोनोंकडून पाटी उतरवून घेतली. ते म्हणाले, "लोक पलीकडच्या बाजाराकडे जातील. तिथे तो माणूस कोरायला लागलाय, सुरीने." "जाऊ देत," बू वार्सिती म्हणाल्या. लोक गेलेही. ज्यांना त्या कारण सांगत, त्यांच्यातल्या निम्म्या ऐकून घेत आणि तरी जात. दोघी-तिघी मात्र अंबाडा सोडून मानेवर खाली वेणी घालायला तयार झाल्या.

पण त्याआधी, सोमवारी, बू हेस्ती आपलं हेल्मेट न्यायला आल्या. वेनिंग कामावर निघायच्या तयारीत होती. बू वार्सितींनी फुटकं हेल्मेट न मढवता तसंच त्यांच्यासमोर ठेवलं आणि कालच्यासारखंच त्यांचं बोट धरलं.

"हा तडा. हा भुगा. हे मी कोरलं होतं, म्हणून डोकं फुटलं. मी नसतं कोरलं तर टाके पडले नसते कदाचित."

बू हेस्ती हसल्या. "काहीतरीच. नशीब म्हणून वाचले मी."

"नशीब होतंच. हेल्मेटचा तिथे काही उपयोग झाला नाही."

"सगळे म्हणतात हेल्मेटने वाचवलं."

"सगळ्यांनी आत बघितलेलं नाही. मी बघितलंय."

बू हेस्तींचं हसू हळूहळू गेलं. त्यांना राग आला की नाही ते कळलं नाही. त्यांनी बोट काढून घेतलं आणि पदराने पुसावं तसं हिजाबच्या टोकाला पुसलं. "एवढा भात दिला मी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता मी घालू काय?"

"नवं घ्या. मी येते तुमच्याबरोबर. दाबून बघावं लागतं. अंबाडा खाली, मानेवर बांधा. त्यासाठी आतली टोपी मी शिवून देते."

"बघू," बू हेस्ती म्हणाल्या. फुटकं हेल्मेट त्यांनी उचललं नाही. ओट्याच्या पायरीवर उतरल्या, थांबल्या, कपाळावर दोन बोटं टेकवली.

"आणि सून बरी आहे ना तुमची?"

अंगणात वेनिंग गाडीवर बसून पट्टा लावत होती. टक् वाजला.

"बरी आहे," बू वार्सिती म्हणाल्या. "केस कापलेत तिने."