मालनवहिनीचं पिवळं फडकं

आमच्या घरात क्षय आला हे तिघींनाच माहीत होतं. माझी आई सोनूबाई, मी, आणि जिला झाला ती माझी भावजय, मालनवहिनी. भाऊ हरिश्चंद्र मुंबईला. त्याला पत्र लिहायला मी तयार होते, पण आई म्हणाली, त्याच्या खोलीत वाडीतलेच दहाजण राहतात, एकानं वाचलं की गावात दवंडी. गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी जनी, तेव्हा बावीस वर्षांची, आणि दोन ठिकाणी लग्न जमून मोडलेली. तिसरं चिपळूणला जमलं होतं. वैशाखातला मुहूर्त होता.

मालनवहिनी खेडकडची. उंच, बोलायला कमी, हातात सुई मात्र अशी की तिनं शिवलेल्या चोळीला आतून बाहेरून फरक कळायचा नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वाडीतल्या बायका तिला वांझ म्हणायच्या. नवरा वर्षातून दोनदा येणार, शिमग्याला आणि गणपतीला, तेही चार दिवस. मूल काय पोस्टानं येणार होतं? पण हे कोणी बोलायचं नाही.

फाल्गुनात भाजावळ करत होतो. भाताच्या तरव्याची जमीन भाजायची तर धूर होणारच, सगळ्याच बायका खोकत होत्या. वहिनी बांधाआड गेली, थुंकली आणि पायानं माती ओढली. मी मागेच होते. माती ओढायच्या आधी मी लाल बघितलं.

आई तिला घेऊन रत्नागिरीला गेली, मीही गेले. तिथले डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, बाई बरी होणार, पण दीड वर्ष गोळ्या. दर महिन्याला इथं यायचं, गोळ्या न्यायच्या, एकही महिना चुकवायचा नाही. मध्येच सोडलंत तर हाताबाहेर जाईल. आणि पहिले काही महिने तोंडाला चार पदरी फडकं बांधायचं, नाकासकट. रोज नवं, कालचं उकळून वाळवायचं. खोकल्यातून हा दुसऱ्याला लागतो, लहान पोरांपासून लांब राहायचं. वहिनीनं दोनदा विचारून घेतलं, फडकं केवढं, नाकाच्या कुठपर्यंत.

परतताना आम्ही हातखंब्याला उतरलो. आई म्हणाली, "नवस हाय म्हणून सांगायचं."

आमच्या गावदेवीचा, जाखमातेचा नैवेद्य शिजवताना गुरव तोंडाला पंचा बांधतो. आपला श्वास देवीच्या अन्नावर पडू नये म्हणून. हे गावात पोरंटोरंही जाणतात. आईनं तेच उचललं. मालनला मूल नाही, तिनं देवीला बोललंय, वर्षभर तोंड बांधून राहीन, माझा श्वास कोणावर पडू देणार नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर आईनं हे इतक्या साळसूदपणे सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

वहिनीनं आमच्या वारलेल्या बाबांचं जुनं धोतर फाडून सात फडकी शिवली. वीतभर लांब, चार पदर, कडेला बारीक टाके, चार कोपऱ्यांना चार बंद. दोन कानांवरून मागे, दोन मानेवर. आतल्या बाजूला एका कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा एक टाका, म्हणजे घाईत उलटं बांधलं जायला नको. आईनं सातही फडकी हळदीच्या पाण्यात बुडवली. म्हणाली, पांढरं बघितलं की लोकांना दवाखाना आठवतो.

वहिनी रोज परसात मडक्यात फडकं उकळायची. आपलं ताट, तांब्या, गोधडी तिनं स्वतःच वेगळी केली. दोन खेपा गोळ्या आणल्या, "माहेरी जाऊन येत्ये" सांगून. चैत्र संपेस्तोवर तिचा ताप गेला, भाकरी जायला लागली. बरी होत होती हो. हे मी आज सांगते, तेव्हा माझं लक्ष माझ्या शालूवर.

आणि लोकांचं काय सांगू. वांझ म्हणणाऱ्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या. वर्षभर देवीसाठी श्वास राखणारी बाई, मग तिच्या तोंडात केवढी पुण्याई साठली असेल, असा त्यांचा हिशेब. एकदा दोरीवरचं फडकं चोरीला गेलं, आणि चार दिवसांनी वाडीतल्या तीन पोरांच्या मनगटाला पिवळ्या चिंध्या दिसल्या. वहिनी मला घेऊन परसात गेली. "ता उकळलेलं होतं ना गो, जने? उकळून वाळत घातलेलं ना?" हो म्हटलं तरी तिनं तीनदा विचारलं.

लग्नाला आठ दिवस होते. घरापुढच्या खळ्यात मांडव चालला होता, माडाची झापं टाकायला पाचसहा माणसं, दळायला-कांडायला बायका. शेजारची हौसा पोराला घेऊन आली. हौसा माझ्या होणाऱ्या नवऱ्याची मावसबहीण, स्थळ तिनंच आणलेलं. पाच महिन्यांचं पोर, दोन दिवस अंगावर पीत नव्हतं, छातीत घरघर. ती वहिनीसमोर बसली आणि म्हणाली, "वयनी, तोंड सोड नि एक फुंकर घाल माझ्या लेकराच्या तोंडावर. देवी रागावायची नाय, लेकरासाठी हाय."

वहिनी मागे सरकली. "नाय. दवाखान्यात ने त्याला."

"एक फुंकर तर मागत्ये."

"नाय म्हटलं ना."

हौसाचं तोंड बदललं. बायकांचे हात थांबले. आई पुढे आली, हसत हसत म्हणाली, घाल गो, शेजारधर्म हाय. आईच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. हौसा रुसून गेली असती तर चिपळूणला काय सांगितलं असतं कोण जाणे. त्या पोराच्या छातीपेक्षा आम्हाला चिपळूण मोठं होतं.

वहिनीनं सगळ्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मला क्षय हाय. रत्नागिरीच्या गोळ्या चालू हायत. नवसबिवस काय नाय. पोराला लांब ने."

हौसानं माझ्याकडे मान वळवली. "जने, तू कधी माझ्याशी खोटं बोलली नायस. खरं काय ता तू सांग."

मी सांगितलं. म्हटलं, "क्षय कसला? सहा वर्षं झाली, पोर नाय झालं, दुसऱ्याचं बघवत नाय तिला."

हे वाक्य आईनं शिकवलेलं नव्हतं. ते माझं, माझ्या पोटातून आलेलं. आणि एवढ्यावर मी थांबले नाही. वहिनीच्या मागे गेले आणि बंदांच्या दोन्ही गाठी मी सोडल्या. हौसानं पोराला वहिनीच्या तोंडाशी धरलं, आईनं वहिनीचे दोन्ही हात धरले.

वहिनीनं ओठ आवळले. डोळे मिटले. तिनं श्वासच घेतला नाही. नाकपुड्या हलत नव्हत्या, मानेच्या शिरा वर आल्या, कपाळ काळंनिळं झालं, आणि आम्ही तिघी तशाच धरून उभ्या. पोर वीतभरावर रडत होतं. हौसाला वाटलं फुंकर चाललीय, म्हणून ती आणखी जवळ धरायला लागली. शेवटी वहिनीनं मान हिसकून खांद्याकडे वळवली आणि खोकला फुटला. पोलक्याची बाही लाल झाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर लाल पडलं.

आता सगळं कळणार, असं मला वाटलं. पण दळायला आलेल्यांतली म्हातारी कमळा हात जोडून म्हणाली, "वर्षाच्या आत तोंड सुटलं, देवी कोपली." झालं. सगळ्यांनी हात जोडले. आईनंही जोडले. रक्तसुद्धा आमच्या बाजूनं साक्षीला आलं. हौसानं माझ्या हातातलं फडकं मागून घेतलं. सकाळपासून वहिनीच्या तोंडावरचं, न उकळलेलं. तेही मी दिलं.

देवीचा कोप झालेली बाई लग्नघरात कशी ठेवणार? कातळावर आमचा मांगर होता, पेंढा आणि अवजारं ठेवायची झोपडी. तिथं तिला नेऊन ठेवलं. देवीच्या अपराध्यानं औषध घ्यायचं नाही, असं गावानं ठरवलं, आणि आईला ते सोयीचं झालं. भाऊ लग्नाला आला. तोही खोकत होता, पण पुरुषाचा खोकला विडीचा असतो. त्यानं मांगराकडे लांबून बघितलं आणि मांडवात पत्ते खेळायला बसला.

पाठवणीच्या दिवशी मी शालू नेसून मांगरापाशी गेले. वहिनीनं उंबऱ्यावर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, वर दगड ठेवला आणि मागे सरकून बसली. "गणपतीला येशील तेव्हा रत्नागिरीहून गोळ्या घेऊन ये. चिठ्ठी दाखवलीस की देतील. दुसरं कोण आणून देणार नाय." मी चिठ्ठी चोळीत ठेवली.

दवाखान्यातून आमच्या घरी दोन कार्डं आली, मालन हरिश्चंद्र का येत नाहीत म्हणून. आईनं ती चुलीत घातली. चिठ्ठी माझ्या ट्रंकेत तळाशी होती. पहिल्या गौरीला नवऱ्याबरोबर निघाले. हातखंब्याला उतरलो. रत्नागिरीची गाडी समोर लागलेली होती, अर्ध्या तासाचं अंतर. नवऱ्यानं विचारलं असतं, कसल्या गोळ्या, कोणाच्या? मला तिसरा महिना होता. मी त्या गाडीकडे पाठ करून उभी राहिले.

हात हलवत कसं जायचं, म्हणून चिपळूणहून दोन वार मलमल नेली होती. फडक्यांसाठी.

मांगरात ती भिंतीला टेकून बसली होती. हाडं नुसती. तोंडावर पिवळं फडकं, नीट, नाकासकट. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"इथं कोणासाठी बांधलंस?" मी विचारलं.

"पाऊल वाजलं म्हणून बांधलं," ती म्हणाली. मग माझ्या पोटाकडे बघितलं. "तिथंच बस. आत नको येऊ." आणि म्हणाली, "गोळ्या?"

मी मलमल पुढे सरकवली. तिनं ती उचलली, बोटांत चोळून बघितली. "चांगली हाय. चार पदर घट्ट होतील," म्हणाली. रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर आज मी एवढी बोलत बसले नसते.

ती कार्तिकात गेली. मलमल घडी न मोडता तशीच होती, आईनं तीच तिच्या अंगावर घातली. पुढच्या वैशाखात भावानं दुसरी केली.

हौसाचा पोर, रामा, जगला. साधी सर्दी होती ती, चार दिवसांत उतरली. आज तो हातखंब्यावर रिक्षा चालवतो. आरशाला एक विटकं पिवळं फडकं बांधलंय, कोपऱ्यात काळा टाका. मला बघितलं की इतर गिऱ्हाइकं मागे ठेवून मला आधी बसवतो. म्हणतो, "आत्ये, मालनकाकीच्या फुंकरीनं जगलो ना मी? आये सांगते."

तिनं फुंकर घातली नाही, म्हणून तू जगलास. एवढं एक वाक्य आहे. सदतीस वर्षं झाली. मी रिक्षात बसते, हो म्हणते आणि माहेरी उतरते.