गोळी गेली, तू अजून इथंच?

"गोळी गेली, तू अजून इथंच?" बाईंचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की चहा पिताना मागून कुणी खाकरलं तरी माझा पाय उचलतो. मी गोळी मारायचो आणि लागली का ते बघत उभा राहायचो. मागून आवाज यायचा, "पोस्टात पत्र टाकून पेटीत डोकावतोस का? निघ."

आमचा खेळ तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो. यात एका जागी उभं राहून नेम धरत बसायचं नसतं. जमिनीवर चौकटी आखलेल्या असतात. एकीतून टार्गेटं मारायची आणि दुसरीकडे सुटायचं. नेमही मोजतात, वेळही मोजतात. मला वाटायचं, जो जोरात पळतो तो जिंकतो. पिंपळगावात माझं शेती औषधांचं दुकान, पोट सुटलेलं, पण पळायची हौस दांडगी.

बाई शाळेत पीटी शिकवायच्या, तरुणपणी खो-खो खेळलेल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी हातात पिस्तूल घेतलं आणि आम्हा तीन-चार उनाडांना शिकवायला लागल्या. रेंज नाशकात, रोज जाणं व्हायचं नाही. मग द्राक्षांचा हंगाम संपला की माझ्या मेव्हण्याच्या रिकाम्या पॅकहाउसात क्रेट मांडून सराव. पिस्तूल रिकामं, काम नुसतं पायांचं.

"खो मिळाल्यावर कुणी आळस देऊन उठतं का? गुडघे वाकलेलेच ठेव," त्या म्हणायच्या. शेवटची गोळी सुटताना अंगाचं वजन पुढच्या वाटेला लागलेलं हवं. नव्या चौकटीत शिरताना पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं हवं. आणि वाटेत बोट ट्रिगरच्या बाहेर. तिथं चुकलं तर बाई ओरडायच्या नाहीत, पण त्या दिवशी आपल्या थर्मासमधला चहा द्यायच्या नाहीत. ते जास्त लागायचं.

मग बाईंचाच उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पळणं बंद म्हणाले. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मॅच होती आणि बाईंना शेवटचं एकदा उतरायचं होतं.

"डॉक्टरांना शब्द दिलाय, पळणार नाही."

"मग चालत खेळणार?"

"हो."

शेवटच्या मॅचला बाईंचं हसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

माझा नंबर आधी लागला. मी असा पळालो, की चौकटीच्या पुढं घसरलो, मागं आलो, सावरलो, मारलं आणि सवयीनं बघत राहिलो. टाळ्या मात्र झकास पडल्या.

मग बाई. टायमर वाजला आणि त्या खरंच चालत निघाल्या. अहो, पण काय चालणं ते! शेवटची गोळी सुटतानाच पाऊल निघालेलं, पाऊल टेकलं की पुढची गोळी. आई भाकऱ्या करते ना, एक तव्यावर असताना दुसरी हातात, तसं. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. माझ्या अंगावर काटा आला. शेवटचं टार्गेट पडलं तेव्हा मी कठडा धरून चक्क नाचत होतो.

टायमर बघून मेव्हणा म्हणाला, "दाजी, बाईंनी चालत हरवलं तुम्हाला. लय भारी." हरून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"बघतोस काय, टार्गेटं उचल," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसून गुडघा दाबत राहिल्या. डोळे भरले होते त्यांचे. मी मुकाट्यानं टार्गेटं उचलली.

ऑपरेशन नीट झालं आणि लेकीनं त्यांना बंगळूरला नेलं, कायमचं.

परवाच्या मॅचमध्ये शेवटची गोळी सुटताना माझा पाय आधीच निघाला होता. माझं मलाच कळलं. मी पहिला आलो. गाडीपाशी जाऊन बाईंना फोन लावला, सगळं सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हटलं, "बाई, पॅकहाउसात पाय टाकवत नाही तुमच्याशिवाय. क्रेट तुम्ही मांडलेत तसेच ठेवलेत, कुणाला हलवू देत नाही."

पलीकडे बाईंनी नाक ओढलं.

"गोळी गेली," त्या म्हणाल्या, "तू अजून इथंच?"

आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.