झाडलोट मंडळाचा संशय

आमच्या चर्चची झाडलोट दर शनिवारी आम्ही चार बायका करतो. कचरा म्हणाल तर मेणाचे थेंब, वाळलेली फुलं आणि पावसाळ्यात एखादा वाट चुकलेला खेकडा. पण किस्से! ते काही सुपलीत मावत नाहीत. एक भरून टाकावा तर बाकाखालून दुसरा निघतोच. आणि प्रत्येक किस्सा सुरू होतो तो कुणावर तरी संशय घेण्यापासून. रेवदंड्याच्या अलीकडचं आमचं गाव तसं भाविक आहे हो, पण कुणी नुसतं शिंकलं तरी आम्हाला त्यामागचं कारण लागतं!

यंदा इस्टरआधीच्या उपवासकाळात तर आमच्या नजरा आणखी धारदार झाल्या होत्या. कारण सालू. सालू सुपारीच्या वाडीत कामाला. पूर्वी भरपूर प्यायचा, आता सोडली म्हणतो. त्याच्या मुलीला, रेशमाला, अलिबागकडून चांगलं स्थळ आलेलं. मुलाकडचे इस्टरच्या सुमारास चौकशीला येणार होते. आता गावात चौकशी करायची म्हणजे कुणाकडे? आमच्याकडेच की! त्या पोरीचं लग्न आमच्या जिभेवर लटकलं होतं, आणि आमच्या जिभेचा मलाच भरवसा नव्हता.

*

इस्टरआधी सगळे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला जातात. कबुली गुप्त असते, पण रांग काही गुप्त नसते. आत कोण किती वेळ बसला यावरून आम्ही बाहेर हिशोब लावतो. पटकन बाहेर आला तर लपवलं, उशिरा आला तर भानगड मोठी!

एकदा आमची आग्नेस आत गेली ती येईचना. रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी तिच्या नवऱ्याकडे बघतंय, कुणी दीराकडे. शेवटी ती घाम पुसत बाहेर आली. फिलूमावशी, म्हणजे आमच्या मंडळाची मुकादम, तिला कोपऱ्यात घेऊन गेली. "एवढं काय केलंस गं?"

"मी कुठं काय केलं?" आग्नेस म्हणाली. "माझं लगेच झालं. मग तुमच्या सगळ्यांचं सांगत बसले. फादरांनी मधेच थांबवलं, न्हायतर अजून बाकी होतं!"

*

घंटा वाजवणारे डोमनिककाका म्हणजे गावातले सर्वांत कडक उपवासवाले. कुणाच्या ताटात काय आहे ते त्यांना लांबून दिसतं. हेच काका एका शुक्रवारी बाजारातून काळी पिशवी शर्टाखाली दडवून येताना मला दिसले. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि काळी पिशवी! मटणच असणार, दुसरं काय! मी फिलूमावशीला फोन केला, आणि काका घरी पोचायच्या आत आमचं मंडळ त्यांच्या ओट्यावर हजर.

"पिशवी दाखवा, काका."

काका आधी चिडले, मग लाल झाले, मग त्यांनी पिशवी उघडली. आत केसांना लावायचा काळा कलप! गेली कित्येक वर्षं हा माणूस आम्हाला सांगत होता, "प्रार्थनेत राहतो ना, म्हणून केस काळे!"

आम्ही हसून हसून बेजार. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "मटण असतं तर बरं झालं असतं गं. ते फादरांना सांगता तरी येतं!"

*

फादर तसे तरुण आहेत, नवीन आलेत. एका रविवारी त्यांनी बायबलातल्या गर्विष्ठ परुश्याचा दाखला घेऊन फार सुंदर प्रवचन दिलं. तोच तो परुशी, "देवा, मी त्या जकातदारासारखा नाही, तुझे आभार," म्हणणारा. मिस्साची प्रार्थना संपल्यावर फिलूमावशी म्हणाली, "फादर, डोमनिकला अगदी बरोबर सुनावलंत!" तिच्या मागे डोमनिककाका. "फादर, फिलूला हे हवंच होतं!" त्यांच्या मागे अख्खी रांग, प्रत्येकाच्या मनात दुसराच कुणीतरी.

फादर शनिवारी आम्हाला भेटले तेव्हा तोंड पाडून उभे होते. मी विचारलं, काय झालं?

"ते प्रवचन मी स्वतःवर लिहिलं होतं," ते म्हणाले. "पण एकालाही ते माझ्यावर वाटलं नाही. मी आठवडाभर खूश! आता त्याचीच कबुली द्यायला दुसऱ्या फादरांकडे जावं लागणार."

*

आणि मग इस्टरआधीचा पवित्र गुरुवार. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. आमच्याकडे हे बारा जण आधी घरी पाय घासून येतात! दगडाने, ब्रशने. डोमनिककाकांच्या पायांना तर पावडरचा वास येत होता.

यंदा फादरांनी बारावा निवडला सालू. आणि मुलाकडचे नेमके त्याच संध्याकाळी येऊन थडकले. मुलाची आई आमच्याच बाकावर, फिलूमावशीला खेटून. पुढच्या बाकावर रेशमा.

सालू आला तो थेट वाडीतून. पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. चर्चभर कुजबुज. "पडला असणार कुठंतरी! सुटते होय अशी?"

"फादर, पंप बंद करायला कोण न्हवतं, तसाच आलो," सालू पुटपुटला.

"बरं झालं," फादर म्हणाले. "आज पहिल्यांदाच पाण्याचा रंग बदलला."

मुलाची आई मात्र फिलूमावशीच्या कानाशी वाकली. "हे पितात का हो अजून?"

रेशमाची मान ताठ झाली. तिने ऐकलं होतं. मला धडकी भरली, कारण फिलूमावशीने आजवर कुणाबद्दल धड बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"प्यायचा," फिलूमावशी म्हणाली. "आता न्हाय. रोज सकाळी माझ्या फाटकावरनं वाडीत जातो. मी रोज थांबवून वास घेते त्याचा. एक दिस सोडला न्हाय."

"रोज? एवढा संशय?"

"व्हय. मी सगळ्यांचाच घेते. मघाशी दारात तुमच्या मालकांचा पण घेतला. सांगू?"

मुलाच्या आईने समोर बघितलं. फादर सालूचा पाय टॉवेलने पुसत होते. मग तिने पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "साखरपुडा कुठल्या रविवारी ठेवायचा?"