झेलताना चुकलेलं नाव

बाळांनो, तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, हळदीच्या कॅसेटमध्ये गाणं मध्येच का थांबतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे हळदीचं गाणं एकटीचं नसतं. एक ओळ टाकते, दुसरी झेलते, म्हणजे तीच ओळ परत म्हणते. गाण्यात घरच्या एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलावतात. नाव फक्त जित्या माणसाचं घ्यायचं. ओळ टाकायची माझी मोठी जाऊ, वैशाखऱ्याची तुमची मोठी आजी. झेलायचे मी. शहापूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, पण गाणं मला दिलं ते तिनंच. माझा श्वास संपायच्या आत तिची पुढची ओळ येऊन पोचायची. तेवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

पन्नाशीनंतर कान जायला लागले. आवाज यायचा, शब्दाचं पहिलं अक्षर यायचं नाही. गाणी पाठ होती म्हणून निभायचं. नावं मात्र जाऊ सुचतील तशी घ्यायची.

जावेला दोन मुलगे. नावं जुळती, फरक काय तो पहिल्या अक्षराचा. थोरला आदल्या वर्षी माळशेज घाटात अपघातात गेला होता. तुमच्या आईच्या हळदीत जावेनं धाकट्याचं नाव टाकलं. मी थोरल्याचं झेललं, चांगलं गळा मोकळा सोडून.

सगळ्या बायका गप्प झाल्या. "काय बोलली गो ही!" असं कुणीतरी म्हणालं म्हणे, ते मला नंतर समजलं. त्या क्षणी मला काहीच कळेना. जावेचा चेहरा पाहिला आणि कळलं.

मग तिनं माझ्याकडे तोंड करून, ओठ ठळक हलवत, थोरल्याचंच नाव टाकलं.

"झेल," ती म्हणाली. "येऊं दे त्याला पन. बहिनीची हलद हाय."

मी झेललं. त्यानंतर मांडवात मी कधी गायले नाही.

पुढे कल्याणहून कानाचं मशीन आणलं. त्यानं बोलणं कळायला लागलं, पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं. काही वर्षांनी धाकट्याचं लग्न ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी वैशाखऱ्याला गेले. जाऊ तांदूळ निवडत होती.

"हलदीला माझ्याजवल बस."

"वैनी, मला आता नाय जमायचं."

"कानात म्हनते. काढ ती मशीन."

मी काढलं. तिनं कानाला तोंड लावलं. गरम श्वास लागला, मिश्रीचा वास आला, तिची हनुवटी माझ्या गालावर थरथरत होती. सूर कुठेच नव्हता. ती थांबली तशी मी मशीन घातलं आणि म्हटलं, "छान."

"खोटा नको बोलू गो."

"मग दुसरी कुणी घ्या ना. तुमची भाची गाते की."

"गाते," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कुणालाच शेजारी बसवलं नाही. ओळ तीच टाकत होती आणि तीच झेलत होती. मी समोर बसून तिचे ओठ पाहत होते. प्रत्येक ओळ झेलताना तिला दम लागत होता, तेवढं मला दिसत होतं.