थेंब टाकल्यावर थांबायचं असतं

डोळ्यांत थेंब टाकणाऱ्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी.

डोळे कोरडे पडतात म्हणून आज सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ओलाव्याचे थेंब टाकले आणि समोरचा तक्ता चक्क धूसर झाला. मी दचकले. "थांबा जरा. पापण्यांची उघडझाप करा, मग वाचा," ते म्हणाले. थोड्या वेळाने आधी न दिसलेली ओळही वाचता आली.

मला सुनंदा आठवली.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत चेकिंगला होतो. ट्यूबलाइटखाली धाग्यातली तुटलेली तार शोधायची. पापणी मिटली की तार निसटायची, म्हणून डोळे ताणून बसायचो. डोळ्यांची आग व्हायचीच. नंदुरबारकडच्या सुनंदाची नजर आमच्यात सगळ्यात तेज.

एकदा कंपनीत डोळे तपासायला माणूस आला. नजर चांगली ठरावी म्हणून सुनंदाने दारातच औषधाचे घट्टसर थेंब भरपूर टाकले आणि लगेच आत गेली. वरच्याच ओळीत अडकली. सुपरवायझर म्हणाला, "आने पॅकिंगमां मोकलो." म्हणजे हिला पॅकिंगला पाठवा.

चहाच्या सुट्टीत तीच सुनंदा लांबच्या भिंतीवरची पाटी वाचत होती. "आते समदं दिसस ना!" पण तपासणारा निघून गेला होता. सुपरवायझर म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

ती पॅकिंगलाच राहिली. पुढे पुढे तीही म्हणायला लागली, माझी नजर गेली.

तुम्हाला थेंब देताना कुणी थांबायला सांगितलं होतं का?